मिर्तोच्या मुळांखालची माती

प्रिय ऑर्तेन्सिया,

फोन सोडून आईला पत्र लिहायची हुक्की कशी आली, असं म्हणशील. रविवारी तुझा फोन येतो तेव्हा तुझा बाबा टेबलाच्या त्या टोकाला बसलेला असतो, पण कान या टोकाला असतात. मी म्हणते, "सगळं ठीक आहे." तू विचारतेस, "नक्की ना?" मी म्हणते, "हो गं." आणि तो समाधानाने मान डोलावतो, मी तोंडी परीक्षेत पास झाल्यासारखी. म्हणून हे पत्र. आत्ता तो शेतात आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची टोपी दिसते आहे. टोपी हलायला लागली की मी कागद पिठाच्या डब्यामागे सारीन.

आधी साध्या बातम्या. चेस्टनटचं नवं पीठ आलं. काल त्या पिठाची धिरडी, नेच्ची केल्या, आत मऊ चीज घालून, तुला आवडतात तशा. बाबाने एक खाल्ली, तीही माझ्याकडे बघत बघत, औषध घेतल्यासारखी. चर्चच्या घंटेची दुरुस्ती झाली, पण आता ती आधीपेक्षा बेसूर वाजते असं शेजारच्या ब्रुनेरोचं म्हणणं आहे. तसं ब्रुनेरोला सगळंच बेसूर वाटतं हल्ली, आणि त्याला कारण आहे. तेच सांगायला बसले आहे.

आपल्या नर्सरीत झाडांच्या रोगाची तपासणी चालू आहे एवढं तुला फोनवर कळलं होतं. बाबाने सांगितलं, "नेहमीचंच, दरवर्षीचं," आणि विषय बदलून तिकडे तुझ्या त्रिएस्तेत वारा किती आहे ते विचारलं. नेहमीचं नव्हतं ते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आपल्या बांधाला लागून असलेल्या ब्रुनेरोच्या वाफ्यात जांभळ्या फुलांची काही झुडपं पानांच्या कडांपासून वाळत गेली. त्याने ती बाहेरून आणली होती, एका बागेचं काम घाईत पुरं करायचं म्हणून. त्याला वाटलं, पाणी कमी पडलं. तपासणीत निघाला तो जिवाणू, ज्याने दक्षिणेत ऑलिव्हची रानंच्या रानं उभी वाळवली. एक किडा रस शोषतो आणि तो रोग या झाडावरून त्या झाडावर नेतो. औषध नाही. एकच उपाय, रोगट झाडाभोवती वर्तुळ आखायचं आणि त्या वर्तुळात सरकारी यादीतली जी झुडपं असतील ती सगळी, आजारी असोत की धडधाकट, मुळासकट काढून जाळायची.

यादीत मिर्तो आहे. आणि आपलं मिर्तोच्या सुवासिक झुडपांचं जुनं कुंपण, ज्याच्या फांद्यांपासून बाबाने आजवरचं प्रत्येक रोप केलं, ते सगळंच्या सगळं त्या वर्तुळात येतं.

तू म्हणशील, कुंपण गेलं तर दुसरं लावा. तू असं म्हणणार नाहीस, मला माहीत आहे. पण ते लावलं तेव्हा तू फार लहान होतीस, आणि त्या कुंपणाची गोष्ट तुला बाबाने नेहमी हसत हसतच सांगितली आहे. खरी सांगितली असती तर त्यात हसण्यासारखं फार नव्हतं.

तुझ्या जन्माच्या आसपास आम्ही हे शेत घेतलं. आधीच्या मालकाने मातीत वर्षानुवर्षं विषारी वायू सोडला होता, तण आणि कीड मारायला. तेव्हा सगळेच सोडायचे, त्याला आधुनिक म्हणायचे. माती दिसायला काय सुंदर! चाळलेल्या पिठासारखी. बाबाने त्यात मिर्तो लावला, लॉरेल लावला, आणि झाडं नुसती उभी राहिली. मरेनात आणि वाढेनात. पानं जांभळट झाली. बाबाने खत घातलं, आणखी खत घातलं. झाडं रुसलेल्या मुलांसारखी तोंड फिरवून उभी. तुला झोळीत घेऊन मी वाफ्यांमधून फिरायचे आणि तो ओरडायचा, "तिला तरी इथून ने, तिचीही वाढ खुंटेल!" गंमत म्हणून ओरडायचा, पण संध्याकाळी अर्धं जेवण ताटात ठेवून उठायचा.

मग विद्यापीठातून माती तपासायला ओर्नेला आली. तेव्हा ती नुकतीच शिकून बाहेर पडली होती, पायात भलेमोठे बूट, आणि जीपच्या मागे बरण्या. तिने आपली रोपं उपटली, मुळं धुतली, उकळली आणि शाई आणि व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली, माझ्याच लोणच्याच्या बरणीत. मग सूक्ष्मदर्शकाखाली बाबाला दाखवलं. "काय दिसतंय?" "मुळं." "आणि?" "आणि काय? मुळंच." "तेच तर," ती म्हणाली, "नुसती मुळं आहेत. एकटी." मग तिने दुसरी काच ठेवली, रानातल्या मिर्तोची. त्या मुळांच्या आत निळे धागे पसरलेले, पेशी-पेशीत इवल्या झाडांसारखे फाटे फुटलेले. बाबा दचकून मागे सरकला. "बुरशी लागली आहे हिला!" ओर्नेला इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. तिने समजावलं, की ही चांगली बुरशी. मूळ जिथे पोहोचत नाही तिथवर हिचे धागे जातात, पाणी आणतात, मातीत अडकलेलं खत सोडवून आणतात, आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. जमिनीवरच्या बहुतेक झाडांचं असंच चालतं. त्या वायूने किडीबरोबर हीसुद्धा मारली होती. बाबा ऐकून घेऊन म्हणाला, "डॉक्टरीणबाई, बुरशी चीजला लागते तेवढी मला माहीत आहे. झाडाला लागली तर गिऱ्हाईक पळतं." पण त्या दिवसापासून तो वाफ्यात गेला की गुडघ्यावर बसून मुळं हुंगायला लागला.

आणि माती आली माझ्या माहेरून. ही गोष्ट तो सांगतो, ती खरी आहे. ओर्नेला म्हणाली, जिथे मिर्तो पिढ्यान्‌पिढ्या आपोआप वाढलाय, त्याच्या मुळांखालची माती आणा, बारीक मुळ्यांसकट. मला दुसरं ठिकाण सुचेना. समुद्राकडच्या उतारावर तुझ्या आजोबांच्या घरामागे मिर्तोचं रान होतं, त्यात मी लहानपणी लपायचे. आम्ही गाडी घेऊन गेलो. आजोबा काठी टेकत बाहेर आले, बाबाला फावडं मारताना बघत राहिले आणि म्हणाले, "दुइलिओ, मुलगी दिली, चादरी दिल्या, तांब्याचं भांडं दिलं. आता खालची जमीनही नेतोस?" बाबा म्हणाला, "थोडीच." आजोबा म्हणाले, "मुलीच्या वेळीही असंच म्हणाला होतास, थोडा वेळ बोलतो." येताना गाडीत मिर्तोचा असा वास भरला होता, की मी घरापर्यंत खिडकी उघडली नाही. त्या मातीत बाबाने आपली पहिली कलमं लावली, आणि तेच आताचं कुंपण. पुढच्या वर्षी पानं हिरवी झाली. त्याच्या पुढच्या वर्षी फुलली.

तेव्हापासून प्रत्येक कुंडीत त्याने त्या कुंपणाखालची मूठभर माती घातली. ब्रुनेरो टोमणे मारायचा, "दुइलिओ मीठ घालायला विसरतो भाकरीत, पण माती घालायला विसरत नाही कुंडीत." बाबा म्हणायचा, "तुझ्या झाडांना बाटलीचं दूध पाजतोस तू. माझी हाताने खातात." आणि खरंच गं, बागा करणारे लोक सांगायचे. त्या किनाऱ्यावरच्या फिरायच्या रस्त्याला, जिथे पाण्याची नळी बंद पडली आणि सगळा उन्हाळा कुणी दुरुस्त केली नाही, तिथे बाकीची झुडपं झाडूच्या काड्या झाली आणि बाबाचा मिर्तो पांढराशुभ्र फुलला. तो तिथे मला मुद्दाम घेऊन गेला होता. आइस्क्रीम खायला, असं म्हणाला. आइस्क्रीम वितळून त्याच्या बाहीत गेलं, तो झाडंच बघत होता.

तर तपासणीला जी मुलगी येते, नोएमी, ती वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, बाबाला ओरडता आलं असतं. तिने आपल्या कुंपणाच्या फांद्या नेल्या, तपासल्या, आणि निकाल घेऊन स्वतः आली. स्वयंपाकघरात बसली, टोपी काढून मांडीवर ठेवली. मी कॉफी चढवली. बाबाने विचारलं, "निरोगी आहे ना?" ती म्हणाली, "हो, पूर्ण निरोगी." बाबाचा चेहरा असा उजळला की मला बघवेना, कारण मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. "मग झालं!" तो म्हणाला. ती म्हणाली, "दुइलिओकाका, ते वर्तुळात आहे." "पण निरोगी आहे." "हो." "तूच म्हणालीस." "मीच म्हणाले. आज निरोगी आहे. तो किडा उद्या त्यावर बसला तर मला महिनोन्‌महिने कळणार नाही, आणि मग तुमच्या पलीकडच्या पन्नास नर्सऱ्यांचं काय?" तिचं बरोबर होतं, ऑर्तेन्सिया. हेच तर आहे. सगळ्यांचं बरोबर आहे, आणि तरी ते कुंपण जायचं आहे. तिने कॉफी प्यायली नाही. दारात मला म्हणाली, "काकू, माझे आजोबा ऑलिव्हवाले होते. मी हे काम आनंदाने करत नाही." मी तिला थोपटलं. आणखी काय करणार?

बाबाने सगळे दरवाजे ठोठावून पाहिले. वकील झाला, नर्सरीवाल्यांच्या संघाचा अध्यक्ष झाला. अध्यक्ष म्हणाला, "दुइलिओ, एका कुंपणासाठी सगळ्या खोऱ्याची विक्री थांबवू का?" मग त्याने ओर्नेलाला बोलावलं. तिचे केस पांढरे झालेत आता, बूट मात्र तसेच. बाबाला वाटत होतं, ही बुरशी झाडाला इतकं बळ देते, तर या रोगापासूनही वाचवत असेल. ओर्नेला काही म्हणाली असती तर कदाचित कुणी ऐकलं असतं. ती बराच वेळ कुंपणाखाली वाकून बसली. उठली तेव्हा म्हणाली, "दुइलिओ, मी खोटं सांगू शकत नाही. बुरशी मुळात राहते. हा रोग वर, लाकडात, पाणी चढतं त्या नळ्यांत. दोघांची गाठच पडत नाही." बाबा म्हणाला, "पण ती तरी वाचेल का? माती?" तेव्हा ती म्हणाली, की बुरशीला जिवंत मूळ लागतं, मुळाशिवाय ती फार काळ तग धरत नाही. यादीत नसलेलं काहीतरी त्या मातीत लावून ठेव, कांद्याच्या जातीतलं लीक लाव, तिला लीकची मुळं आवडतात.

म्हणून सध्या आपल्या अंगणात कुंड्याच कुंड्या आहेत आणि सगळ्यांत लीकची पात. खरोखर. ब्रुनेरो बांधावरून म्हणाला, "काय रे, आता बागांना कुंपण घालणार की सूप पाजणार?" सवयीने बोलून गेला बिचारा, आणि मग एवढा लाजला की टोपी काढून उभा राहिला. बाबा हसला नाही. नोएमी म्हणाली, कुंड्या ठेवा, पण वर्तुळाबाहेर माती हलवायला परवानगी लागेल, आणि इथे मिर्तो पुन्हा लावायची मुभा कधी मिळेल ते तिला सांगता येत नाही. वर्षं लागतील. बाबा मला रात्री नाही, भर दुपारी, वाटाणे सोलता सोलता नावाने हाक मारत म्हणाला, "वांदा, लीक जगतील. पण मिर्तो मी पुढे लावू कुठे?" मी वाटाणे सोलत राहिले.

आता ते सांगते, जे त्याने सांगू नकोस म्हटलंय.

सप्टेंबरात ब्रुनेरोचा वाफा काढायला माणसं आली. पांढरे कपडे, मोठं यंत्र. ब्रुनेरो घरात दार लावून बसला होता. बाबा बांधावर उभा राहून बघत होता. यंत्राने एक जुनं झुडूप मुळासकट वर उचललं, मातीचा मोठा गड्डा लोंबत होता त्याला, आणि बाबा अचानक बांध ओलांडून पळत गेला. तो इतका वेगात पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. यंत्रासमोर हात पसरून उभा राहिला. त्याची झाडं नव्हती ती, ब्रुनेरोची होती, आजारीच होती! चालकाने यंत्र बंद केलं. कुणी त्याला ढकललं नाही, कुणी रागावलंही नाही. बाबा काही बोलायला गेला, त्याचं तोंड उघडं राहिलं, आणि तो खाली बसला, आधी गुडघ्यावर आणि मग कुशीवर. पांढऱ्या कपड्यातल्या एका माणसाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी एप्रनसकट धावले.

हृदय होतं. इस्पितळात ठेवला, नळीतून आत काहीतरी बसवलं, घरी सोडला. तो रविवार आठवतो? तुला मी म्हणाले होते बाबा चेस्टनट गोळा करायला डोंगरावर गेलाय. मी इस्पितळाच्या जिन्यात उभी होते. त्याने माझ्याकडून वचन घेतलं होतं. म्हणाला, "पोरगी तिकडे इस्पितळात दिवसभर आजारी माणसंच बघते, तिला आणखी एक कशाला?" तू रागावशील. रागाव, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच.

घरी आल्यापासून तो कुंपणाजवळ खुर्ची टाकून बसतो. काम करत नाही. फळं काळी झाली आहेत, यंदा इतकी धरली आहेत की फांद्या वाकल्यात, पण तोडू देत नाही. मधूनच वाकून माती हातात घेतो, बोटांनी कुस्करतो, त्यातल्या केसासारख्या मुळ्या निवडून परत जागेवर ठेवतो. परवा मी शेजारी जाऊन बसले. म्हटलं, माझ्या माहेरची आहे ती, मलाही दुःख होतं. तर म्हणाला, "म्हणूनच. तुझ्या बापाला मी थोडीच म्हणून सांगितलं होतं." आजोबांना जाऊन किती काळ लोटला. मी त्याची टोपी सरळ केली आणि आत आले. इतकी वर्षं त्याला काय हवं ते न सांगता मला कळत आलंय, मिठापासून मोज्यांपर्यंत. आता कळतंय आणि देता येत नाही.

आपल्या कुंपणाची मुदत या महिन्याच्या अखेरीस संपते. आम्ही केलं नाही तर ती माणसं येतील, तेच यंत्र घेऊन. बाबाने संमतीवर सही केली नाही. म्हणतो, "मी इथे बसलेला असेन, मला उचलून ठेवावं लागेल." डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, की पुन्हा असं झालं तर ते काही खात्री देऊ शकत नाहीत. शेत दोघांच्या नावावर आहे, एकाची सही पुरते. म्हणून काल बाजाराला जाते सांगून मी नोएमीकडे गेले आणि माझी सही करून आले. पुढच्या आठवड्यातला बुधवार ठरलाय. ब्रुनेरो आपलं छोटं यंत्र आणेल, आणि जिथे यंत्र नको तिथे मी स्वतः फावड्याने काढीन. परक्या हातांनी नको. ब्रुनेरो रडला माझ्यासमोर, म्हणाला, "वहिनी, मलाच का सांगतेस?" मी म्हटलं, दुसरं आहे कोण?

बाबाला हे माहीत नाही. आणि त्या दिवशी तो इथे असता कामा नये. म्हणून हे पत्र, पोरी. तू किती वर्षं बोलावते आहेस, आणि तो म्हणतो शेत सोडून कसं येऊ. तुझ्यासाठी म्हणून बोलावलंस तर तेच म्हणेल. पण झाडासाठी बोलावलंस तर येईल. तुझ्या बाल्कनीत काही झाड आहे का? नसेल तर एखादा कॅमेलिया विकत आण, आणि पाणी जास्त घालून त्याला जरा आजारी पाड, देव मला क्षमा करो. येत्या रविवारी जेवायच्या वेळी फोन कर आणि मला नको, त्यालाच दे म्हण. सांग की पानं पिवळी पडतात, मुळं बघायला कुणी नाही, फोनवर समजत नाही. आधी तो चिडेल, मग प्रश्न विचारेल. प्रश्न विचारायला लागला की समज, येतोय. सोमवारच्या गाडीत मी त्याला बसवून देईन, गोळ्या त्याच्या कोटाच्या डाव्या खिशात असतील. चार दिवस ठेवून घे, समुद्र दाखव, जमलं तर तुमच्या तिथल्या हृदयाच्या डॉक्टरलाही दाखव. मी सही केली हे तू सांगू नकोस, ते मी सांगेन, आणि तो माझ्याशी किती दिवस बोलणार नाही ते मी बघून घेईन. फक्त एवढंच कर. तो परत येईल तेव्हा त्याला एकट्याला गाडीत बसवू नकोस, तूही ये. स्टेशनवरून घरी येताना वळणावर ते शेत दिसतं. तिथे त्याचा हात धरायला माझा एकटीचा हात पुरणार नाही.

टोपी हलली. थांबते.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई